हाली आणि कलदार

आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काही श्रोत्यांना वाटले असेल, की हा सराफाच्या पेढीवरचा विषय वसंत व्याख्यानमालेत कशाला? नाण्यांचे वजन, कस आणि बट्टा ह्यांत रस घेणारी माणसे थोडी, आणि ती बहुधा वस्तुसंग्रहालयात भेटतात. परंतु मला आज नाण्यांविषयी तितकेसे बोलावयाचे नाही. एका हुकमाविषयी बोलावयाचे आहे. आपल्या मुलखात आपलेच नाणे चालले पाहिजे, परक्याचे चालता कामा नये, असा तो हुकूम. जगातल्या कितीतरी राजवटींनी तो कधी ना कधी काढला आहे. काहींचा पाळला गेला, काहींचा कागदावरच राहिला. १९४७ च्या अखेरीस हैदराबादच्या निजाम सरकारने तो काढला आणि मराठवाड्याच्या पाच जिल्ह्यांतल्या प्रत्येक पेठेला तो लागू झाला. रझाकार आणि पोलीस कारवाई ह्यांच्या इतिहासात ह्या हकीकतीची बोळवण बहुधा एका ओळीत होते. माझ्या मते ती त्याहून पुष्कळ अधिक बोलकी आहे.

प्रथम एक गोष्ट सांगून टाकतो. नाणे पाडण्याचा हक्क हा आपल्याकडे फार जुन्या काळापासून राजचिन्ह मानला गेला. छत्र, सिंहासन आणि नाणे. मुसलमानी अमदानीत खुतबा आणि सिक्का ही जोडी तर प्रसिद्धच आहे. मशिदीत ज्याच्या नावाने खुतबा वाचला जाई आणि टांकसाळीत ज्याच्या नावाने सिक्का पडे तो राजा. पण नाणे पाडणे वेगळे आणि ते चालविणे वेगळे, हा धडा आपल्याच दौलताबादेने सहाशे-सातशे वर्षांपूर्वी पाहिला आहे. महंमद तुघलकाने १३३० च्या सुमारास तांब्या-पितळेची नाणी काढून ती चांदीच्या टंक्याप्रमाणे घ्यावीत अशी आज्ञा केली. दौलताबादच्या टांकसाळीतूनही ती पडली. सुलतानाची आज्ञा पाळणारा ईश्वराची आज्ञा पाळतो, अशा अर्थाचा मजकूर त्या नाण्यांवर कोरला होता. लोकांनी काय केले? घरोघरी तसलीच नाणी पाडली. शेवटी सुलतानाला ती परत घेऊन खजिन्यातून चांदी मोजून द्यावी लागली. नाण्यावर ईश्वराला साक्षीस बोलवावे लागते तेव्हा बाजाराचा विश्वास उडू लागलेला असतो, एवढे सराफकट्ट्यावरचा कोणताही जाणता गृहस्थ सांगेल.

पेशवाईच्या उत्तर काळी दक्षिणेत चलनाची जी खिचडी होती तिची आज कल्पना येणे कठीण. अंकुशी, चांदवडी, बागलकोटी आणि आणखी कितीतरी. प्रत्येकाचा कस वेगळा, प्रत्येकाचा बट्टा वेगळा. पुण्याहून औरंगाबादेस जाणारा सावकार वाटेत तीनदा नाणे बदली आणि तिन्हीदा काहीतरी गमावी. पोतदार आणि सराफ ह्यांचा सारा धंदाच ह्या घोळावर चाले. कंपनी सरकारने १८३५ साली कायदा करून १८० ग्रेन वजनाचा आणि १६५ ग्रेन शुद्ध चांदीचा एकच रुपया आपल्या सर्व मुलखात लागू केला. पण जुनी नाणी म्हणून एका दिवसात नाहीशी झाली नाहीत. पुढे कित्येक वर्षे ती बट्ट्याने घेतली जात राहिली आणि हळूहळू वितळून गेली. सक्ती होती, पण तिच्या पाठीशी शेतसारा होता. सरकार ज्या नाण्यात सारा घेते ते नाणे कुणब्याला मिळवावेच लागते. ह्या एका वाक्यात चलनाचे अर्धे शास्त्र आहे असे मी समजतो. उरलेले अर्धे व्यापारात आहे, आणि आजची कथा त्या दुसऱ्या अर्ध्याची आहे.

हैदराबादेचे नाणे म्हणजे हाली सिक्का. हाली म्हणजे सध्याचा, चालू. १८५७ च्या उठावापर्यंत निजामाच्या रुपयावर दिल्लीच्या बादशहाचे नाव असे. बादशाही संपल्यावर ते गेले आणि आसफजाही नाव आले. त्या काळी संस्थानात गदवाल, नारायणपेठ अशा अनेक ठिकाणी लहान-मोठ्या टांकसाळी होत्या; पहिल्या सालारजंगाने दिवाणगिरीच्या काळात त्या बंद करून नाणे राजधानीत एकवटले. म्हणजे आपल्या मुलखात एकच नाणे असावे ह्या तत्त्वाचा लाभ हैदराबादनेही घेतला होता, आणि तो चांगलाच लाभ होता. विसाव्या शतकाच्या आरंभी यंत्रावर पाडलेला सुबक रुपया निघाला. त्यावर चारमिनाराचे चित्र, आणि सातव्या निजामाच्या काळात चारमिनाराच्या कमानीत उस्मान ह्या नावाचे पहिले अक्षर. ह्या नाण्याला उस्मानिया सिक्का असेही म्हणत. मराठवाड्यातली माणसे मात्र शेवटपर्यंत हालीच म्हणत राहिली.

आणि इंग्रजी रुपयाला म्हणत कलदार. कलेवर, म्हणजे यंत्रावर, पाडलेला म्हणून कलदार. पुढे हालीही यंत्रावर पडू लागला, तरी नाव त्याला चिकटले नाही. कलदारापेक्षा हालीत शुद्ध चांदी सुमारे एक-सप्तमांश कमी, म्हणून हिशेब असा बसला, की सात हाली म्हणजे सहा कलदार. शंभर कलदारांना एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली. उलट, एका हालीचे कलदारात तेरा आणे साडेआठ पै आणि वर काही किरकोळ. आज दशमान पद्धतीच्या पिढीला हा हिशेब ऐकूनच घाम फुटेल, पण जालन्याच्या अडत्याचा मुनीम तो तोंडी करीत असे. दर असा बांधला जाण्यापूर्वी कापसाच्या हंगामात खरेदीसाठी हालीची मागणी वाढली, की बट्टा बदले, आणि त्या चढउतारात कुणब्याच्या पदरात नेमके काय पडले हे त्याला घरी पोचेपर्यंत कळत नसे. सिकंदराबादच्या छावणीत कलदार चाले. सोलापूर, बार्शी, नगर, मनमाड, बुलढाणा ह्या इंग्रजी मुलखातल्या पेठांत कलदार चाले. सरहद्दीवरच्या माणसाच्या कनवटीला दोन्ही नाणी असत आणि त्याला त्यात काही विशेष वाटत नसे. लेक दिली पलीकडे, बाजार केला अलीकडे, असे जिथे जगणे तिथे दोन नाण्यांची अडचण ती काय?

पहिल्या महायुद्धात चांदीचा दुष्काळ पडला. इतर संस्थानांच्या कागदी चलनाला इंग्रज सरकारचा विरोध असे. परंतु हैदराबादने युद्धात केलेले साहाय्य ध्यानात घेऊन १९१८ साली त्याला नोटा काढू दिल्या. नोटेवर उर्दू मजकूर, आणि किंमत इंग्रजीबरोबर तेलुगू, मराठी, कानडी ह्या भाषांतही. पहिल्या नोटा विलायतेहून छापून येत. पुढे नाशिकला हिंदुस्थान सरकारचा नोटांचा छापखाना उभा राहिला, तेव्हा निजामाच्या नोटाही तिथेच छापल्या जाऊ लागल्या. ही गोष्ट ऐकून प्रथम मला हसू आले होते. स्वतंत्र सार्वभौमत्वाचे ते मोठे चिन्ह, आणि ते छापले जाई गोदावरीच्या उगमाजवळ, इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात!

आता १९४७ कडे येऊ. १५ ऑगस्टला संस्थान हिंदी संघराज्यात सामील झाले नाही. निजामाने स्वतंत्र राहण्याची आकांक्षा धरली. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी दिल्ली आणि हैदराबाद ह्यांच्यात जैसे-थे करार झाला. परस्परसंबंधाच्या बाबतीत जी व्यवस्था आजवर होती ती एक वर्ष तशीच चालू ठेवावी, हा त्याचा गाभा. त्याच सुमारास लायकअली पंतप्रधान झाले. लातूरच्या वकिलीतून पुढे आलेल्या कासीम रझवींच्या संघटनेचा जोर तेव्हा वाढत होता. करारावरची शाई वाळते न वाळते तोच हैदराबाद सरकारने दोन वटहुकूम काढले. एकाने मौल्यवान धातू संस्थानातून हिंदुस्थानात नेण्यावर निर्बंध घातला. दुसऱ्याने हिंदुस्थानचे चलन संस्थानात कायदेशीर चलन नाही असे जाहीर केले. दोन्ही वटहुकूम कराराचा भंग करतात, अशी दिल्लीची तक्रार होती.

‘कायदेशीर चलन नाही’ ह्या शब्दांचा अर्थ जरा नीट पाहिला पाहिजे, कारण त्याबाबत बराच गोंधळ आढळतो. ह्याचा अर्थ कलदार जवळ बाळगणे हा गुन्हा, असा होत नाही. अर्थ एवढाच, की देणेकऱ्याने कलदार पुढे केला तर घेणेकऱ्यावर तो घेण्याची सक्ती नाही. दोघे राजी असले तर प्रश्नच नाही. शांततेच्या काळात ह्या तरतुदीने कोणाचे फारसे बिघडत नाही. पण तो काळ शांततेचा नव्हता. ज्या गावात रझाकारांची तुकडी फिरते आहे, ज्या गावातून स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते सरहद्दीपलीकडच्या केंद्रांत गेले आहेत, त्या गावात कोणाच्या गाठी कोणते नाणे निघाले ह्याला कायद्यापलीकडचा अर्थ येतो. कालपर्यंत जे नुसते पैसे होते त्यांना पक्ष चिकटला. वटहुकमाच्या शब्दांत हे कोठेही लिहिलेले नव्हते, पण अशा गोष्टी लिहाव्या लागत नाहीत.

निजाम सरकारची बाजू मांडावयाची तर ती हास्यास्पद नव्हती. सुमारे ८२ हजार चौरस मैलांचे संस्थान, दीड कोटीहून अधिक वस्ती, स्वतःची टांकसाळ, स्वतःच्या नोटा, स्वतःची टपाल तिकिटे, स्वतःची रेल्वे आणि १९४१ च्या कायद्याने स्थापन झालेली स्वतःची हैदराबाद स्टेट बँक. एवढा पसारा असलेल्या राज्याने घरातला व्यवहार घरच्या नाण्यात व्हावा अशी इच्छा धरली तर तिला केवळ गर्व म्हणता येणार नाही. परके चलन मुलखात मोकाट फिरू लागले, की किती नोटा काढाव्यात हे ठरविणे राज्यकर्त्याच्या हाती उरत नाही. दिल्लीने किंवा मुंबईने काही केले की हैदराबादेत भाव हलतात. हा युक्तिवाद अर्थशास्त्राच्या दृष्टीने बिनतोड आहे. आजही अनेक देश ह्याच कारणासाठी असे कायदे करतात.

बिनतोड युक्तिवाद कागदावर ठेवून आपण नकाशा पाहू. हैदराबादला समुद्र नव्हता. परभणी, जालना, औरंगाबाद ह्या भागांतला मुंबईकडे जाणारा कापूस गोदाखोऱ्याच्या रेल्वेने मनमाडला जाणार. मनमाड मुंबई इलाख्यात. लातूरचा माल बार्शी लाइट रेल्वेने कुर्डुवाडीला जाणार. कुर्डुवाडीही मुंबई इलाख्यात. माल विकत घेणारा मुंबईचा, पैसे मोजणार तो कलदार. मीठ बाहेरचे, गिरणीचे कापड पुष्कळसे बाहेरचे. म्हणजे मराठवाड्याच्या कुणब्याच्या घरात नगदी पिकाने जो पैसा यावयाचा त्याचे मूळ कलदारात होते, आणि त्याच्या घरातून जो पैसा बाजारहाटाला जावयाचा त्याचेही टोक पुष्कळदा कलदारातच होते. हाली हा मधला टप्पा. सारा हालीत द्यावयाचा, म्हणून हाली हवा. बाकी साऱ्या वाटा कलदाराकडे जात होत्या. अशा प्रदेशात कलदाराला दारे बंद करणे म्हणजे कापसाला दारे बंद करणे. सराफाला मात्र बरे दिवस येतात. जिथे दोन नाण्यांमध्ये भिंत उभी राहते तिथे भिंतीला भोक पाडून देणाऱ्याचा मोबदला वाढतो, आणि तो मोबदला अखेर ज्याला पर्याय नाही त्याच्याकडूनच वसूल होतो.

ह्याहूनही एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्याच सुमारास असे उघडकीस आले, की हैदराबाद सरकारने पाकिस्तानला वीस कोटी रुपयांचे कर्ज देऊ केले आहे. दिल्लीने ह्यालाही हरकत घेतली. राजकीय वाद आपल्याला ठाऊक आहे. मी वेगळ्याच मुद्द्याकडे लक्ष वेधतो. हे वीस कोटी कशात दिले? हालीत नव्हे. हिंदुस्थान सरकारच्या कर्जरोख्यांत. इकडे जालन्याच्या व्यापाऱ्याला सांगावयाचे, की हिंदुस्थानचा रुपया तुझ्यावर बंधनकारक नाही, आणि तिकडे स्वतःचा सर्वांत मोठा व्यवहार हिंदुस्थानच्या कागदात करावयाचा! ह्याला मी लबाडी म्हणत नाही, नाइलाज म्हणतो. कराचीला हाली नोटा घेऊन काय करावयाचे? हैदराबादच्या खजिन्याची शिल्लक ज्या रूपात होती ते रूपच दिल्लीचे होते. बाहेरच्या जगात हालीची जी काही पत होती ती सात हालीचे सहा कलदार केव्हाही मिळतील ह्या भरवशावर होती. कलदार हा हालीचा शत्रू नव्हता, त्याचा जामीनदार होता. वटहुकूम काढणाऱ्यांनी हद्दपार केला तो जामीनदार.

ह्या काळातल्या आणखी एका घटनेचा उल्लेख इथे केला पाहिजे. ३० जानेवारी १९४८ रोजी, म्हणजे दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, नांदेड जिल्ह्यातल्या उमरी येथील हैदराबाद स्टेट बँकेच्या शाखेवर स्टेट काँग्रेसच्या सशस्त्र कार्यकर्त्यांनी धाड घातली आणि सुमारे वीस लाखांची रक्कम पैनगंगेपलीकडे नेली. लढ्याच्या खर्चासाठी ती वापरली गेली, आणि पुढे तिचा हिशेबही दिला गेला. धाडीचे धाडस, तिची योजना ह्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मी फक्त एवढेच म्हणेन, की स्वतःच्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या माणसांनाही त्या सरकारच्याच बँकेतला पैसा लागला. चलनाला स्वतःचे मत नसते. एकाच चारमिनाराच्या छापाने सरकारी शिपायाचा पगारही होई आणि भूमिगताच्या भाकरीची सोयही होई.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी हिंदी सेना संस्थानात शिरली आणि १७ तारखेस निजामाने शरणागती जाहीर केली. आता विजयी पक्षाने हालीचे काय केले हे पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या दिवशी हाली रद्द, असे झाले नाही. संस्थानाचे वेगळेपण राज्यव्यवस्थेत संपले तरी हाली बाजारात राहिला. १९५० पासून हिंदी रुपया आणि हाली सातास सहा ह्या जुन्याच दराने शेजारी शेजारी चालू लागले. १९५१ मध्ये नवे हाली चलन काढणे थांबले. आणि पन्नासचे दशक संपण्यापूर्वी हाली व्यवहारातून गेला. मधल्या काळात १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९५७ च्या एप्रिलात नवे पैसे सुरू झाले, आणि आण्यांचा सारा हिशेबच मोडीत निघाला. ज्याचा पगार सत्तर हाली होता त्याला आता साठ रुपये मिळत. हिशेबाने कोणाचे काही गेले नाही, पण सत्तराचे साठ झाल्याचे वाईट वाटण्यासाठी माणसाला अर्थशास्त्र लागत नाही. तरीही हे स्थित्यंतर निभावले. कारण उघड आहे. कुणब्याच्या हातातला हाली नाकारला गेला नाही, मोजून घेतला गेला. आणि ज्या नाण्यात तो बदलून मिळाला, त्याच नाण्यात कापसाचे पैसे येत होते.

गंमत अशी, की थोड्याच वर्षांत हिंदुस्थान सरकारला उलट बाजूचा अनुभव आला. कुवेत, बहरीन, दुबई ह्या आखाती प्रदेशांत आपलाच रुपया चलन म्हणून वापरात होता. कोणी सक्ती केली म्हणून नव्हे. मुंबईशी त्यांचा व्यापार होता म्हणून. त्या वाटेने रुपये बाहेर जाऊन चोरटे सोने आत येऊ लागले, तेव्हा १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेला आखातासाठी वेगळ्या नोटा काढाव्या लागल्या. कुवेतने १९६१ मध्ये, बहरीनने १९६५ मध्ये स्वतःचे दीनार काढले आणि १९६६ च्या अवमूल्यनानंतर बाकीचेही एकेक करून बाजूला झाले. त्यांचे ते नवे नाणे टिकले, कारण तोवर तेलाचे उत्पन्न त्यांच्या पाठीशी उभे होते. झिंबाब्वेचे तसे नव्हते. त्या देशाने २०१९ च्या जूनमध्ये देशांतर्गत व्यवहारात अमेरिकन डॉलर आणि इतर परकी चलने वापरण्यास बंदी केली. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये डॉलर पुन्हा चालू द्यावा लागला. दुकानदाराचा माल परदेशातून डॉलरमध्ये येत होता. कुर्डुवाडीची आणि मनमाडची गोष्ट इथेही आलीच.

हैदराबादच्या पैशाची कथा मात्र हालीबरोबर संपली नाही. शरणागतीनंतर दोन-तीन दिवसांतच, २० सप्टेंबर १९४८ च्या सुमारास, निजाम सरकारच्या लंडनमधील खात्यातून दहा लाख सात हजार नऊशे चाळीस पौंडांची रक्कम तिथल्या पाकिस्तानी हायकमिशनरांच्या नावे वळविण्यात आली. माझ्या संमतीवाचून हे झाले, असे निजामाचे म्हणणे पडले. खटला विलायतेच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेला, आणि परक्या राष्ट्रावर दावा चालत नाही ह्या मुद्द्यावर १९५७ मध्ये अडला. रक्कम बँकेत गोठली आणि व्याजाने वाढत राहिली. २ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला, की तिच्यावर हक्क पाकिस्तानचा नसून हिंदुस्थानचा आणि निजामाच्या वारसांचा आहे. तोवर ती साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेली होती. निजाम सरकारने ही रक्कम लंडनला ठेवली होती ती अर्थात स्टर्लिंगमध्ये.